शह आणि चेक

बँकेत वटवायचा कागद, चौकड्यांच्या कापडाचा शर्ट, दुरुस्तीनंतर गाडी नीट चालते की नाही ते पाहण्याची क्रिया आणि हद्दीवर वाहने अडवण्याची जागा, या चार गोष्टींत वरवर पाहता काहीच समान नाही. तरीही मराठी भाषक चेक, चेक्स, चेक करणे आणि चेकनाका अशी एकाच इंग्रजी शब्दाची चार रूपे त्यांच्यासाठी बिनदिक्कत वापरतो. खुद्द इंग्रजीत या शब्दाचा पसारा आणखी मोठा आहे. अमेरिकेत उपाहारगृहाचे बिल म्हणजे चेक, सामान ठेवून घेतल्यावर हाती पडणारा बिल्ला म्हणजे चेक, बरोबर उत्तरापुढची खूण म्हणजे चेक, आणि भडकलेला राग आवरला किंवा शत्रूची आगेकूच रोखली तर तेही चेक करणेच. हे सगळे अर्थ एकाच मुळापासून फुटलेले आहेत, आणि ते मूळ इंग्रजीत नाही, युरोपातही नाही. ते फारसी भाषेतील ‘शाह’ या शब्दात, म्हणजे राजात आहे, आणि हा राजा सिंहासनावरचा नसून बुद्धिबळाच्या पटावरचा आहे. (युरोपातील चेक प्रजासत्ताकाचा या कुळाशी संबंध नाही, ते एका स्लाव्ह लोकसमूहाचे नाव आहे आणि देवनागरीत दोन्हींचे लेखन सारखे होते, एवढेच.)

‘शाह’ हे रूप फारसीत झिजून तयार झालेले आहे. इराणच्या हखामनी राजांच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांत, राजाला जुन्या फारसीत ‘ख्शायथिय’ म्हणत. पहिल्या दरायसने इ.स.पू. ५२०च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरवून घेतलेल्या लेखात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम’, राजांचा राजा, म्हणवतो, आणि पुढे ‘शहेनशहा’ या पदवीत टिकून राहिली ती हीच शब्दयोजना. या शब्दाच्या पोटातील धातू आणि वैदिक संस्कृतातील सत्ता गाजवणे या अर्थाचा ‘क्षि’ धातू हे सख्खे भाऊ असल्याने ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे शब्दही याच घराण्यातले ठरतात. प्रांताचा रक्षक या अर्थाचा इराणी शब्द भारतात ‘क्षत्रप’ म्हणून आला आणि नाशिकच्या लेण्यांमध्ये क्षहरात क्षत्रप नहपान याच्या जावयाने, उषवदाताने, कोरवलेल्या दानलेखांमुळे तो महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. राज्य या अर्थाच्या जुन्या इराणी शब्दापासूनच फारसीत ‘शहर’ तयार झाले, तेव्हा मराठीतील शहर आणि क्षत्रिय हे दूरचे का होईना, पण नातलग आहेत.

अशा नात्यांच्या मोहात पडून दिसेल तो ‘शह’ राजाचा मानणे मात्र धोक्याचे असते. ‘शहाणा’ या शब्दात कोणताही शहा नाही. तो संस्कृत ‘सज्ञान’पासून आलेला आहे. गुजराती व्यापारी कुळांतील ‘शहा’ या आडनावाचे नातेही व्युत्पत्तिकार ‘साधु’ या शब्दाशी जोडतात, इराणच्या गादीशी नाही. शब्दांची रूपे चेहऱ्यासारखी फसवी असतात, म्हणून व्युत्पत्ती सांगताना केवळ साम्यावर न विसंबता तो शब्द कोणत्या काळी, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या तोंडून पुढे गेला, हे दाखवावे लागते. चेकच्या बाबतीत ती वाट बरीचशी स्पष्ट दिसते.

त्या वाटेचा पहिला टप्पा भारतात सुरू होतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर मांडणारा ‘चतुरंग’ हा खेळ सहाव्या शतकाच्या आसपास उत्तर भारतात आकाराला आला असे मानले जाते. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त केलेल्या श्लेषातून चतुरंग आणि त्याचा आठ गुणिले आठ घरांचा पट, म्हणजे अष्टापद, वाचकांना परिचित होते असे दिसते. हा खेळ इराणात गेला आणि तेथे ‘चतरंग’ झाला. भारतीय राजाने कोडे म्हणून हा पट खुस्रो अनुशिरवानच्या दरबारी पाठवला आणि त्याच्या बुजुर्गमिहिर नावाच्या मंत्र्याने तो उलगडला, अशी आख्यायिका पहलवी भाषेतील एका छोट्या ग्रंथात आहे. ती इतिहास म्हणून घेता येत नाही, पण खेळ कोठून आला याबद्दल इराणी लोकांच्या मनात संदेह नव्हता, एवढे तिच्यावरून कळते.

या खेळात समोरच्याच्या राजावर हल्ला करणाऱ्या खेळाडूने तसे तोंडाने सांगावे असा रिवाज होता आणि सांगण्याची रीत म्हणजे ‘शाह!’ एवढाच उच्चार, ज्यात ‘राजा सांभाळा’ हे उरलेले वाक्य गृहीत असे. या एका उच्चारामुळे शब्दाचा अर्थ पार उलटा झाला, कारण जो शब्द आतापर्यंत राजाचे नाव होता तो आता राजावर आलेल्या संकटाचे नाव झाला. पुढे युरोपात या शब्दाचे जे जे झाले ते सारे या उलट्या अर्थातून झाले. राजा मागे राहिला आणि त्याला पडलेला अडसर तेवढा पुढे गेला. मराठीत फारसीमार्फत आलेला ‘शह’ हाच आहे. शह देणे, शह बसणे, शहाला काटशह देणे हे प्रयोग पटावरून उठून राजकारणात इतके रुळले आहेत की वृत्तपत्रांतून ते वाचताना बुद्धिबळाची आठवण क्वचितच होते.

शहाच्या जोडीने येणाऱ्या ‘मात’ या शब्दाबद्दल दोन मते आहेत. अरबीत ‘मात’ म्हणजे ‘मेला’, त्यामुळे ‘शाह मात’ याचा अर्थ ‘राजा मेला’ असा होतो आणि युरोपीय पुस्तकांत बराच काळ हाच अर्थ दिला जात होता. दुसऱ्या मतानुसार हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ हतबल, गोंधळून जागीच थिजलेला असा आहे. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, त्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या की डाव तेथेच संपतो, हे लक्षात घेतले तर दुसरे मत खेळाच्या प्रकृतीशी अधिक जुळते. मराठीतील ‘संकटावर मात करणे’ या प्रयोगातही संकट मारले जात नाही, निरुपाय केले जाते.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर हा खेळ त्यांच्याकडे गेला आणि अभिजात अरबीत ‘च’ आणि ‘ग’ हे ध्वनी नसल्याने चतरंगाचे ‘शत्रंज’ झाले. स्पेन आणि सिसिली येथील अरबी राजवटींच्या संपर्कातून तो युरोपात उतरला. स्वित्झर्लंडमधील आइनझीडेल्न येथील मठात सापडलेल्या, दहाव्या शतकाच्या अखेरच्या एका लॅटिन कवितेत त्याचे वर्णन आहे. लॅटिन लेखनिकांना ‘शाह’मधील सुरुवातीचा श आणि शेवटचा ह हे दोन्ही अडचणीचे होते, तेव्हा त्यांनी ‘स्काकुस’ असे रूप घडवले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘एशेक’ झाले आणि नॉर्मन फ्रेंचमार्फत इंग्रजीत येताना पुढचा ‘ए’ गळून ‘चेक’ उरले. याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून इंग्रजीत बुद्धिबळाचे ‘चेस’ हे नाव आले, म्हणजे चेक आणि चेस हे मुळात एकाच शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन होत. बुद्धिबळाच्या नावांवरून युरोपातील भाषांचे दोन गटही पडतात. जर्मनमधील ‘शाख’ किंवा रशियनमधील ‘शाखमाती’ ही नावे राजावरून आलेली आहेत, तर स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतील नावे अरबी ‘अल-शत्रंज’वरून, म्हणजे शेवटी संस्कृत चतुरंगावरून आलेली आहेत.

फ्रेंच आणि इंग्रजी यांनी एकच शब्द घेऊन त्याचा वेगवेगळा उपयोग केला, हे पाहण्यासारखे आहे. फ्रेंचमध्ये आज ‘एशेक’ म्हणजे अपयश. तेथे ज्याला शह मिळतो त्याच्या बाजूने अर्थ वाढला. इंग्रजीत तो शह देणाऱ्याच्या बाजूने वाढला आणि चौदाव्या शतकापासून अचानक बसलेली खीळ, रोख, आवर असे अर्थ त्याला चिकटले. ससाण्याकडून शिकार करवणाऱ्या उमरावांच्या परिभाषेत तर या शब्दाला चमत्कारिक वळण मिळाले: नेमून दिलेले सावज सोडून ससाणा मध्येच आडव्या आलेल्या हलक्या पाखरामागे वळला, तर त्यालाही चेक म्हणत. बुद्धिबळ आणि ससाणा हे दोन्ही त्या काळच्या युरोपातील उच्चकुलीनांचे छंद होते, त्यामुळे एकाची भाषा दुसऱ्यात जाणे अस्वाभाविक नव्हते. घोड्याचा वेग आवरणे, सैन्य थोपवणे, राजसत्तेवर अंकुश ठेवणे असे करत हा शब्द शेवटी राज्यशास्त्रात पोहोचला, आणि शासनाच्या शाखांनी एकमेकींना आवर घालावा या तत्त्वाची इंग्रजी संज्ञा आज त्याच्यावाचून पुरी होत नाही.

थांबवणे हा अर्थ तपासणे या अर्थाकडे कसा वळला, हा या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांत सापडते. एका कारकुनाने केलेली नोंद दुसऱ्याने ठेवलेल्या स्वतंत्र नोंदीशी ताडून पाहिली की पहिल्याला लबाडी करता येत नाही. म्हणजे दुसरी वही ही पहिल्या वहीला दिलेला शह असते. ताडून पाहण्याच्या क्रियेला चेक हे नाव मिळाले ते ती क्रिया हात रोखते म्हणून, आणि कालांतराने हात रोखणे विस्मरणात जाऊन केवळ ताडून पाहणे उरले. इंग्रजीतील ‘कंट्रोल’ या शब्दाचाही प्रवास याच धाटणीचा आहे, कारण त्याचा मूळ अर्थ ‘प्रति-गुंडाळी’, म्हणजे हिशेबाच्या गुंडाळीशी ताडण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी असा आहे. मराठी ‘पडताळा’ शब्दातील ‘पड’ हा पडसाद आणि पडछाया यांतल्याप्रमाणे ‘प्रति’चा अवशेष मानला, तर ताळ्याला प्रतिताळा ही तीच कल्पना मराठीनेही स्वतंत्रपणे बांधली असे म्हणता येईल.

हिशेब आणि बुद्धिबळ यांची गाठ इंग्लंडमध्ये अगदी शब्दशः पडलेली होती. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एशेकिये’ म्हणत आणि बाराव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या हेन्रीच्या कारकिर्दीत, राजाच्या जमाखर्चाचा निवाडा करणाऱ्या खात्याला हेच नाव पडले. पुढे शब्दाचा आरंभ लॅटिन ‘एक्स’ या उपसर्गाचा असावा अशा चुकीच्या समजुतीने लेखनिकांनी त्यात एक अक्षर घुसडले आणि ‘एक्सचेकर’ हे आजचे रूप झाले. ब्रिटनचा अर्थमंत्री अजूनही एक्सचेकरचा चॅन्सेलर म्हणवला जातो, म्हणजे त्याचे अधिकृत पदनाम बुद्धिबळाच्या पटाचा प्रमुख असे भाषांतरित करता येईल.

या नावाचे कारण रिचर्ड फिट्झनायजेल या राजाच्या खजिनदाराने ११७०च्या दशकाच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या, गुरुशिष्यसंवादाच्या रूपातील ग्रंथात सविस्तर दिलेले आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे एक मेज असे, त्यावरचे काही घरंगळू नये म्हणून त्याला चार बोटे उंचीची कड असे, आणि त्यावर रेघांनी आखलेले काळे कापड अंथरलेले असे. रेघांमध्ये पडलेल्या रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड, हजार पौंड अशा चढत्या किमती ठरलेल्या असत आणि हिशेबनीस त्यांत चकत्या मांडून रक्कम दाखवत असे. परगण्याचा शेरीफ, म्हणजे राजाचा तेथील वसुली अधिकारी, समोर बसे. त्याच्याकडून येणे किती आणि त्याने भरले किती हे त्याच्या डोळ्यांदेखत चकत्यांच्या ओळींतून उमटे. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असलेल्या नाणेव्यवस्थेत, शून्य नसलेल्या रोमन अंकांनी वजाबाकी करणे किती जिकिरीचे असेल याचा विचार केला, तर ही पद्धत किती सोयीची होती ते कळते. अक्षरओळख नसलेल्या शेरीफालाही आपला डाव कोठे अडकला आहे हे दिसत असे. नाव केवळ आखलेल्या कापडामुळे पडले नाही, असेही ग्रंथकार सुचवतो: पटावर दोन राजांत जशी झुंज होते तशी येथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. खजिनदारानेच केलेली ही उपमा असल्यामुळे शेरीफांना ती कितपत रुचली असती, हा प्रश्नच आहे.

भरलेल्या रकमेची पावती म्हणून हे खाते हेझल नावाच्या झुडपाची खाचा पाडलेली काठी देत असे. हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीची, शंभरासाठी अंगठ्याएवढी, विसासाठी करंगळीएवढी आणि एका पौंडासाठी जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी खाच पाडून काठी उभी चिरली जाई आणि एक फाक पैसे भरणाऱ्याकडे, दुसरी खात्याकडे राही. दोन्ही फाका जुळवल्या की खाचांवरून खाच बसली पाहिजे. एकाने गुपचूप खाच वाढवली तर ती दुसऱ्या फाकेवर नसल्याने चोरी उघडी पडे. ही पद्धत १८२६पर्यंत चालली. साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी संसदेच्या इमारतीखालील भट्ट्यांत जाळताना आग भडकली आणि वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्याचा बहुतांश भाग तीत भस्मसात झाला, त्यामुळे लंडनमधील आजची संसद ही एका अर्थी या काठ्यांची देणगी आहे.

दोन फाकांची ही कल्पना कागदावर आली तेव्हा बँकेचा चेक जन्माला आला. १८व्या शतकाच्या आरंभी, सरकारी रोखे देताना मागे ठेवून घेतलेल्या तुकड्याला, म्हणजे आज ज्याला स्थळप्रत म्हणतात त्याला, इंग्रजीत ‘चेक’ म्हणत, कारण त्याच्याशी ताडून रोख्यातील फेरफार रोखता येत असे. त्याच शतकात हे नाव मागे राहणाऱ्या तुकड्यावरून सरकून हातात जाणाऱ्या कागदावर बसले. हे स्थलांतर मोठे मजेशीर आहे, कारण आज चेकबुकात उरणाऱ्या अरुंद पट्टीला कोणी चेक म्हणत नाही, आणि जो कागद फाडून दिला जातो त्यात तपासण्याचा अर्थ कोणाला जाणवत नाही. कागद स्वतः नावापेक्षा जुना आहे. लंडनच्या एका सावकारी पेढीवर १६५९ साली काढलेली ४०० पौंडांची हस्तलिखित चिठ्ठी आजही अस्तित्वात आहे. ब्रिटिश पद्धतीचे ‘क्यू’ अक्षराचे स्पेलिंग १९व्या शतकात एक्सचेकरच्या धर्तीवर स्थिरावले आणि अमेरिकेने मात्र जुनेच साधे स्पेलिंग ठेवले.

चेक हा शब्द अरबी ‘सक्क’पासून आला, असे विधान अनेक लोकप्रिय पुस्तकांत आढळते. सक्क हा दस्तऐवज खरोखर होता; दहाव्या शतकात इब्न हौकल या प्रवाशाने सहारातील औदघोस्त येथे ४२,००० दिनारांचा एक सक्क पाहिल्याचे नमूद केले आहे, आणि बँकव्यवहाराच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. परंतु वस्तू जुनी असणे आणि शब्द तिच्यावरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत शह, आवर, ताळा, स्थळप्रत आणि मग बँकेचा कागद अशी अर्थांची सलग साखळी लेखी पुराव्यांत दिसत असताना, मधल्या कित्येक शतकांचा दुवा नसलेली उसनवारी मानण्याची गरज उरत नाही.

भारतात १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने चेकची कायदेशीर व्याख्या केली: विशिष्ट बँकेवर काढलेली आणि मागणी करताच देय असलेली हुंडी. पैसे पाठवण्यासाठी हुंडी येथे आधीपासून प्रचलित होतीच, त्यामुळे मराठीने नवा कागद स्वीकारताना क्रियापद जुनेच लावले. हुंडी वटत असे तसा चेकही वटतो, किंवा वटत नाही. शासकीय परिभाषेने ‘धनादेश’ हा पर्याय दिला. तो कायद्यातील बँकेला दिलेला आदेश हा अर्थ नेमका टिपतो आणि म्हणून मूळ इंग्रजी शब्दापेक्षा अधिक पारदर्शक आहे, तरी बोलण्यात तो फारसा उतरला नाही.

कापडाची कथा त्या मानाने सरळ आहे. पटाच्या नावावरून चौकडीच्या नक्षीला इंग्रजीत चेकर म्हणू लागले आणि त्याचे आखूड रूप म्हणून चेक आले. मोटारींच्या शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळ्या-पांढऱ्या घरांचा झेंडा आणि चढउतारांनी भरलेल्या आयुष्याला इंग्रजीत लावले जाणारे विशेषण ही त्याचीच पिलावळ. ताडून पाहण्याच्या अर्थावरून अमेरिकेत सामानाचे आणि प्रवेशाचे बिल्ले चेक झाले. पावसाने बेसबॉलचा सामना बंद पडला तर पुन्हा येण्यासाठी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात प्रेक्षकांना दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवरून ‘रेन चेक’ हा शब्द निघाला, आणि आज आमंत्रण सभ्यपणे पुढे ढकलण्यासाठी तो वापरला जातो.

मराठी घरांत बुद्धिबळ शिकणारी मुले आता राजावर हल्ला केला की ‘शह’ऐवजी ‘चेक’ म्हणतात. म्हणजे इराणमधून थेट आलेल्या शब्दाला त्याचाच युरोप फिरून आलेला वंशज पटावरून हटवतो आहे. मोठ्या स्पर्धांच्या दालनांत मात्र दोन्ही ऐकू येत नाहीत. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शह तोंडाने जाहीर करण्याचे बंधन नसल्याने खेळाडू मोहरा हलवतो, घड्याळाचे बटण दाबतो आणि गप्प बसतो.